एक जूनची पोर

माझा वाढदिवस एक जूनला असतो. माझ्या दोन्ही भावांचाही एक जूनलाच, वर्षं तेवढी वेगळी. आमचे वडील लातूरजवळच्या मुरूडला प्राथमिक शिक्षक होते. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही की ते रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा त्या दिवशी पोराला सहा वर्षं पूर्ण झालेली असली म्हणजे झालं. आमच्या खऱ्या तारखा तर त्यांना पाठ होत्या, पण हाताला लागलेलं वळण, आम्हालाही एक जूनच मिळाला. अर्ध्या मुरूडचे वाढदिवस वडिलांनी ठरवलेले आहेत. मराठवाड्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. मलाही वाटायचं नाही, आणि माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक त्यातूनच झाली.

मी सरकारी वकील होते. आधी बरीच वर्षं नांदेडच्या जिल्हा न्यायालयात आणि नंतर निवृत्तीपर्यंत संभाजीनगरच्या खंडपीठात, अपिलांच्या कामावर. संपादक म्हणाले, तुमच्या गाजलेल्या केसेसवर लिहा. माझ्या केसेस गाजत नसत. त्यात पीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी, आणि घरच्यांना तर ती केस झालीच नव्हती असं वाटायला हवं असतं. घरातल्याच माणसाने घरातल्या लेकरावर अत्याचार केला, त्याला शिक्षा झाली, पुढे ती शिक्षा वरच्या कोर्टात टिकली का, हे माझं काम. या कामाबद्दल लग्नात, बारशात कुणी विचारत नाही. विचारलंच तर मी ‘कागदपत्रांचं काम’ असं सांगते, आणि ते खोटं नाही.

कारण अपील म्हणजे कागदच. लोकांना वाटतं, खालच्या कोर्टात शिक्षा झाली की आरोपी आत गेला आणि विषय संपला. तो आत जातो, पण त्याचं अपील वर येतं. तिथे पुन्हा साक्षी होत नाहीत. खालच्या कोर्टात जे जे बोललं गेलं, जे जे कागद लागले, त्या सगळ्याचं एक जाडजूड बाड तयार होतं, त्याला पेपरबुक म्हणतात. दोन न्यायमूर्ती ते वाचतात आणि आम्ही दोन बाजूंचे वकील त्यातल्या पानांवर बोटं ठेवून भांडतो. पोरगी बोलता बोलता थांबली, पाणी मागितलं, मग मान खाली घालून पुढचं सांगितलं, हे त्या पानांत नसतं. फार तर ‘साक्षीदार रडते’ असं कंसात येतं. खालचा न्यायाधीश तिला बघतो, वरचे तिला वाचतात.

वाचताना काय बघतात? पोलिसांना सांगितलं तेच कोर्टात सांगितलं का, तक्रारीला उशीर झाला तर का झाला, डॉक्टर काय म्हणतात, खोटं अडकवायला काही कारण होतं का. मुलीचा जबाब विश्वासाचा वाटला तर तो एकटा पुरतो, दुसरा साक्षीदार लागत नाही, असं कायदा सांगतो. पण घरातल्या केसमध्ये हे सगळं उलटंपालटं होतं. उशीर तर होणारच, कारण तक्रार करायला ज्याच्याबरोबर जायचं तोच आरोपी. आणि साक्षीदार सगळे नातेवाईक. कोर्टात येईपर्यंत त्यातले निम्मे फितूर झालेले असतात.

हेही सांगते, की अपील ही आरोपीवरची मेहेरबानी नाही. खालच्या कोर्टातही माणसंच बसतात. एकदा मी स्वतः उभी राहून न्यायमूर्तींना सांगितलं होतं, की या पुराव्यावर या माणसाची शिक्षा टिकत नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “पगार सरकारचा घेतेस आणि आरोपी सोडवतेस होय?” त्या रात्री मला उत्तम झोप लागली. झोप उडाली ती वेगळ्या फाइलने.

त्या मुलीला मी इथे वर्षा म्हणते. अर्धापूर तालुक्यातलं केळीच्या पट्ट्यातलं गाव. वडील ती लहान असतानाच वारले. आई, आजी आणि चुलता एका घरात, आणि घर चुलत्याच्या शब्दावर चाललेलं. वर्षा सातवीत असताना तिच्या वर्गाच्या बाईंनी तिला वर्गात सारखी पोट धरून बसलेली पाहिली आणि एक दिवस बाजूला घेऊन विचारलं. त्या बाईंनी नंतर जे केलं ते सगळेच करत नाहीत. गावात न बोलता मुलीला दुचाकीवर बसवून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

खटला मी चालवला. वर्षाची साक्ष बंद खोलीत झाली. न्यायाधीशांनी काळा कोट काढून ठेवला होता. ती हळू बोलली, पण सगळं बोलली. “काका म्हणायचा, आईला घराबाहेर काढीन,” हे वाक्य तिने तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी अगदी तेच. मग आई पिंजऱ्यात आली. केळीच्या वखारीत घड भरायला जाणारी बाई, हात काळे पडलेले. तिने जमिनीकडे बघत सांगितलं, “मला काय म्हाईत न्हाई साहेब. पोरगी काय बोलून राहिली, कामून बोलून राहिली, मला काईच म्हाईत न्हाई.”

मी तिला फितूर जाहीर करून उलटतपासणी घेतली. पंधरा प्रश्न विचारले. पंधराही वेळा तेच उत्तर. त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला होता. आरोपीपेक्षाही जास्त, हे लिहायला लाज वाटते.

मग वयाचा पुरावा. या केसेसमध्ये मुलगी अठराच्या आतली आहे हे सिद्ध झालं, की बालकांसाठीचा कडक कायदा लागतो, आणि काही गोष्टी कोर्ट आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरतं, त्या त्यानेच खोडून काढायच्या असतात. वय सिद्ध झालं नाही तर ही मदत निघून जाते. दुसरी कलमं उरतात, पण केस लंगडी होते. वर्षाच्या वयासाठी मी शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलावलं. त्यांनी रजिस्टर उघडून एक जून ही तारीख सांगितली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ही तारीख कशावरून लिहिली?

मुख्याध्यापक सज्जन माणूस. शपथेवर खोटं कशाला बोलतील? म्हणाले, “साहेब, पालक म्हणतेत पोळ्याच्या आगंमागं झालं, न्हाईतर लई पाऊस होता तवा झालं. तारीख कुनालाच म्हाईत नसती. मंग आमी एक जून टाकतो. माझी बी एक जूनच हाय.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले, आणि मीही हसले. मला वाटलं, यात काय मोठंसं, सगळ्यांचीच असते. मुलगी समोर दिसत होती, तेरा वर्षांची, दोन वेण्या. खालच्या कोर्टालाही ती दिसत होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. चुलत्याला वीस वर्षं सक्तमजुरी झाली. आई सासूबरोबर त्याच घरात राहिली, वर्षा मुलींच्या वसतिगृहात गेली. काही महिन्यांनी माझी नेमणूक खंडपीठात झाली.

आणि तिथे एके दिवशी टेबलावर आलेल्या गठ्ठ्यातून माझीच केस माझ्यासमोर आली. अपील लागायला बरीच वर्षं गेली होती. पेपरबुक उघडलं. वर्षाचा जबाब पान क्रमांक अमुक ते अमुक. वाचला, चांगला होता. मग मुख्याध्यापकांचा जबाब काढला आणि दोनदा वाचला. कागदावर दोन वेण्या नव्हत्या. कागदावर एवढंच होतं, की मुलीची जन्मतारीख अंदाजे टाकलेली आहे आणि गावातल्या सगळ्यांची तीच आहे. हसण्याची नोंद नव्हती. आरोपीच्या नव्या वकिलांनी अपिलाच्या मेमोत पहिलाच मुद्दा हा घेतला होता, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तोच घेतला असता.

त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसात एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात केळीचा अख्खा घड. एसटीने अर्धापूरहून आली होती. ती चुलत्याची आई, म्हणजे वर्षाची आजी.

“बाई, तुमी सरकारी वकील ना? सरकार सगळ्यांचं असतंय. मंग तुमी माझ्या लेकाच्या बी झाल्या का न्हाई?”

मी सांगितलं, “आजी, मी त्याच्या विरुद्ध उभी आहे. तुमचा वकील वेगळा आहे, त्याच्याकडे जा.”

“विरुद्ध कामून? एक माझं लेकरू हाय, दुसरी बी माझीच नात हाय. माझ्याच घरातलं हाय सगळं. तुमाला काय करायचंय?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पोरगी लिहून द्यायला तयार झालीय. काय झालंच न्हाई म्हनून. लातूरला शिकून राहिली ती नर्सिंगचं. तिला बी आता लग्न करायचंय की.”

मी केळी घेतली नाहीत. ती दारातल्या स्टुलावर ठेवून गेली आणि शिपायाने दोन दिवस ऑफिसला वाटली. माझं मात्र डोकं फिरलं. वय आधीच डळमळलेलं, त्यात मुलीनेच ‘काही झालं नव्हतं’ असं शपथपत्र दिलं, तर कोर्ट ते लगेच मानत नाही हे खरं, पण कागदावर संशयाचं एक पान वाढतं. अपिलात संशयाचा फायदा कुणाला मिळतो हे सांगायला नको.

अपिलाची नोटीस पीडितेला द्यावीच लागते, तिला म्हणणं मांडायचा हक्क असतो. ती नोटीस घेऊन महिला पोलीस लातूरला जाणार होत्या. मी त्यांच्याबरोबर गेले. सरकारी वकिलाने असं हिंडायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण माहेर त्याच जिल्ह्यातलं, म्हटलं जाऊन येऊ.

वर्षा वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत आली. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले, खिशाला दोन पेनं. तिने मला ओळखलं. मी आजी काय म्हणाली ते सांगितलं.

“मी कुठं म्हनले?” ती म्हणाली. “आजीचा फोन येतो. मी उचलते आन ठेवून देते. न्हाई उचलला तर वॉर्डनला करते. मॅडम, मी एकदा बोलले ना कोर्टात? मंग तेच हाय. त्याच्यात काय बदलायचं?”

“आई काही म्हणते का?”

“तिचा मी उचलतच न्हाई.”

पुढे काही विचारायची सोय नव्हती. निघता निघता सहज विचारलं, जन्माचा दुसरा काही कागद आहे का. लसीचं कार्ड वगैरे.

“शाळेचाच हाय. एक जून.” मग म्हणाली, “पर मी एक जूनची न्हाईच. आई सांगायची, लई थंडी होती. मामानं रात्रभर शेगडी पेटवून ठिवलती.”

“मामाने? मामा तिथे कसा?”

तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं कोर्टातही कुणी कधी बघितलं नसेल. “मॅडम, मामाच्याच घरी झाले ना मी. जळकोटकडं. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय की.”

मला फाइलमधला एक कागद आठवला. तपास अधिकाऱ्याने चुलत्याच्या गावच्या ग्रामपंचायतीचं एक पत्र आणलं होतं, ‘सदर नावाची जन्मनोंद आढळून येत नाही’ म्हणून. ते माझ्याच फाइलला लावलेलं होतं. तो पुरुष माणूस, त्याने मुलगी जिथे राहते तिथे शोधलं. पण मी? मी स्वतः पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात मुरूडला जाऊन बसले होते. माझ्या मुलाची नोंद आजही मुरूडला आहे. आणि त्या पत्रावरून नजर फिरवून मी पान उलटलं होतं. शिकल्यासवरल्या बाईला जे सुचायला हवं होतं ते वीस वर्षांच्या पोरीने मला शिकवलं.

पोलिसांनी जळकोट तालुक्यातल्या त्या गावाची जुनी नोंदवही काढली. नोंद होती. बापाचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, महिना थंडीचा. त्या तारखेने वर्षा शाळेच्या तारखेपेक्षाही सहा महिन्यांनी लहान निघत होती. फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नोंद बारशाच्या आधी झालेली, लिंग ‘स्त्री’ लिहिलेलं, आणि नाव घालायला परत कुणी गेलंच नव्हतं. म्हणजे या बाईला एक मुलगी झाली एवढंच त्या कागदावरून कळत होतं. ती मुलगी हीच, हे सांगणार कोण? मामा वारला होता. उरली आई. फितूर झालेली आई.

अपिलात नवा पुरावा घेता येतो, पण क्वचित. आपल्या केसमधली भोकं बुजवायला सरकारला अशी मुभा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर आम्ही प्रत्येक चूक अपिलात दुरुस्त करत बसलो असतो. मी अर्ज दिला. आरोपीचे वकील ज्येष्ठ होते, बोलायला मधाळ. ते म्हणाले, सरकारला इतक्या वर्षांनी जाग आली आहे. एवढी साधी गोष्ट खालच्या कोर्टातल्या सरकारी वकिलांना सुचली नसेल, तर त्याचा भुर्दंड आरोपीला कशाला?

वरिष्ठ न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “खाली सरकारी वकील कोण होते?”

“मी होते, मायलॉर्ड,” मी म्हणाले.

मागच्या बाकांवर कुणीतरी फसकन हसलं. पण एकदा तोंड उघडलंच होतं. मी म्हणाले, “चूक माझी आहे. शाळेच्या रजिस्टरवर विसंबले आणि मुलगी जन्मली कुठे हे विचारलं नाही. माझी चूक झाकायला मी काही मागत नाही, तिची नोंद हवी तर निकालपत्रात घ्या. पण ही सरकारी नोंदवही मुलीच्या जन्माच्या वेळची आहे, खटल्यासाठी तयार केलेली नाही. ती या मुलीची नसेल तर आरोपीला फायदा होईल. तिची असेल तर माझ्या बेपर्वाईची शिक्षा तिने का भोगावी? दोन्ही बाजूंनी तपासून घ्या, एवढंच म्हणणं आहे.”

दोघे न्यायमूर्ती खालच्या आवाजात बोलले. हुकूम झाला. नांदेडच्या कोर्टाने ग्रामसेवक आणि आई या दोघांचीच साक्ष घ्यावी, तीही फक्त जन्माच्या नोंदीपुरती, आरोपीला पूर्ण उलटतपासणी करू द्यावी आणि कागद वर पाठवावेत.

बाहेर आल्यावर एका सहकाऱ्याने विचारलं, “बाई, ती आई पुन्हा फिरली तर?” फिरली तर संपलंच होतं. ‘ही नोंद हिची नाही’ असं ती एकदा म्हणाली असती, की शाळेची तारीख अंदाजाची आणि जन्माची नोंद दुसरीच, असे दोन्ही दोर कापले गेले असते. तिला भेटून समजावावं असं मला फार वाटलं. पण साक्षीदार पढवला, हा आरोप मला तिच्या साक्षीवर नको होता. मी गेले नाही. समन्स पोलिसांनी दिलं.

त्या दिवशी नांदेडला गेले, पण आता तिथे माझं काही काम नव्हतं. प्रश्न तिथले सरकारी वकील विचारणार. मी मागच्या बाकावर बसले. आयुष्यभर पुढे उभी राहून बोलणाऱ्या माणसाला मागे गप्प बसणं किती अवघड जातं ते तेव्हा कळलं. आजी दोन पुतण्यांना घेऊन दारापाशी बसली होती. आई आली ती एकटी, आणि तिच्या हातात कपड्यांचं बोचकं होतं. आजीने ते बघितलं, मीही बघितलं. सुनेने सासूकडे मात्र बघितलं नाही.

ग्रामसेवकाची साक्ष दहा मिनिटांत झाली. मग आई पिंजऱ्यात उभी राहिली. हात तसेच, केळीच्या चिकाने काळे. तिला नोंद वाचून दाखवली. कुणाची, म्हणून विचारलं.

“माझ्या पोरीची. वर्षाची.”

आता आरोपीचे वकील उठले. “बाई, तुम्हाला आधी एक मुलगी झाली होती. ती वारली. ही नोंद तिची आहे.”

“न्हाई साहेब. माझ्या पोटाला ही एकच. दुसरं लेकरू व्हायच्या आदीच मालक गेले.”

“तुम्ही मागच्या वेळी याच कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की तुम्हाला काही माहीत नाही. मग आज तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. हुशार वकीलही कधीकधी एक प्रश्न जास्त विचारतो. सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण बाईने आधीच उत्तर दिलं.

“हाव. तवा मी खोटं बोलले. घरातनं काडतेल म्हनून भेले. पोरगी वसतिगृहात गेली, तिला दोन टाइम जेवाय मिळतंय, मंग आपुन गप ऱ्हावं म्हनलं. त्याची काय शिक्षा असंल ती मला द्या साहेब. पर हिला मी जन्म दिलाय. जन्माचं कसं खोटं बोलू?”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला तिचे शब्द जसेच्या तसे घ्यायला सांगितले. दाराशी आजीने तोंडाला पदर लावला. आई खाली उतरली, साक्षीवर अंगठा दिला, बोचकं उचललं आणि दुसऱ्या दाराने निघून गेली. मी मागोमाग बाहेर आले. कुठे जाणार, विचारलं. म्हणाली, वखारीतल्या एका बाईने नांदेडला बायकांच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघून दिलंय. मी तेव्हा तिची माफी मागायला हवी होती, त्या पंधरा प्रश्नांची. “सांभाळून जा,” एवढंच म्हणाले.

अंतिम सुनावणी दोन दिवस चालली. न्यायमूर्तींनी वर्षाचा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून घेतला, मधली एक ओळ सोडली नाही. आरोपीचे वकील म्हणाले, जमिनीत विधवेचा वाटा मागण्यासाठी पोरीला पुढे केलं. न्यायमूर्तींनी विचारलं, वाट्यासाठी केलं असतं तर आई आरोपीच्या बाजूने का बोलली असती? वकिलांनी तो मुद्दा सोडून पुढचा घेतला. मी जास्त बोलले नाही. पोलीस, शिक्षिका आणि कोर्ट, तिन्ही ठिकाणी मुलीचं म्हणणं एकच आहे, हे पानं दाखवून सांगितलं आणि बसले.

अपील फेटाळलं. शिक्षा कायम. निकालपत्रात म्हटलं होतं, की जन्माची नोंद सिद्ध झाली आहे. आईने आधी खोटं सांगितल्याची कबुली दिली म्हणून आरोपीला दोषी धरलेलं नाही, तिची साक्ष वयापुरतीच विचारात घेतली आहे, आणि बाकी सगळ्याला मुलीचा जबाब एकटा पुरेसा आहे. सरकारी वकिलांच्या निष्काळजीपणाबद्दलही दोन ओळी होत्या. नाव घातलं नव्हतं, ही त्यांची कृपा. ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत.

निकालाच्या संध्याकाळी मी वर्षाला फोन केला. शिक्षा कायम झाल्याचं सांगितलं. तो सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो, हेही सांगितलं, कारण अर्धवट सांगून मला पुन्हा चूक करायची नव्हती.

“जाऊ द्या की,” ती म्हणाली. “तिथं बी मी तेच सांगीन.”

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. तेवढ्यात तिने विचारलं, “मॅडम, आई काय म्हनली ते लिहिलंय का त्याच्यात?”

“लिहिलंय.”

“वाचा.”

मी निकालपत्र उघडलं. इंग्रजीतला तो परिच्छेद बाजूला ठेवला आणि मूळ साक्षीची मराठी प्रत काढून ती वाचली, अगदी हळू. घरातनं काडतेल म्हनून भेले, इथपासून जन्माचं कसं खोटं बोलू, इथपर्यंत. पलीकडे वसतिगृहातला गोंगाट ऐकू येत होता.

“ती कुठं हाय आता?”

मी पत्ता सांगितला. तिने लिहून घेतला, पेन शोधल्याचा आवाज आला.

“रविवारी मला सुट्टी हाय. मी जाते.” आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, “मॅडम, मी येतेय म्हनून तिला सांगू नका. भिऊन पळून जाईल ती.”